असेच घडो

नगरसभेची बैठक प्रार्थनेने सुरू व्हायची, आणि त्या प्रार्थनेचे नियम बैठकीच्या नियमांपेक्षा कडक होते. सगळ्यांनी उभं राहायचं, मान खाली, डोळे मिटलेले. रेकॉर्डर बंद ठेवायचा, कारण प्रार्थना देवासाठी असते, फायलीसाठी नाही. इतिवृत्तात तिच्या वाट्याला एकच ओळ यायची, 'प्रार्थना झाली.' शेवटी सगळ्यांनी एका सुरात 'असेच घडो' म्हणायचं आणि खुर्च्या ओढून कामाला लागायचं.

सभागृहाच्या कोपऱ्यातल्या छोट्या टेबलाशी बावीस वर्षं लघुलेखिका बसत होती. तिला सगळे पाठीमागे पेन्सिलबाई म्हणत आणि तोंडावर नुसतं बाई. बाईंची एक चोरटी सवय होती. सभासदांचे डोळे मिटले की त्या उभ्याउभ्याच वही डाव्या हातावर धरून प्रार्थना लिहून घेत. भक्ती वगैरे काही नाही. गाणारा आधी घसा मोकळा करतो, तसा बाई हात मोकळा करून घेत. हा नियमभंगच होता, पण तो पाहायला एकाचाही डोळा उघडा नसायचा, त्यामुळे बावीस वर्षं निभावून गेलं.

लघुलेखन शिकवणाऱ्या मास्तरांनी त्यांना एकच मंत्र दिला होता. कान आणि हात यांच्यामध्ये डोकं आणू नका. डोकं मध्ये आलं की शब्द सुटतो. बाईंनी तो इतका पाळला की दिवसभर लिहिलेलं संध्याकाळी टाइप करायला बसल्यावरच कोण काय बोललं ते त्यांना कळायचं. त्यातून प्रार्थना कधी टाइप करावी लागत नसे, म्हणजे ती कधी कळायचीही नाही.

गेल्या मंगळवारी प्रार्थनेला शहरातले सर्वांत वयोवृद्ध उपदेशक आले होते. आवाज मधाळ, दाढी पांढरीशुभ्र. ते बोलले, बाईंनी लिहिलं, सगळ्यांनी 'असेच घडो' म्हटलं. मग गटारांच्या झाकणांवर दोन तास चर्चा झाली.

गुरुवारी सकाळी मुलीचा फोन आला.

"आई, मंगळवारी तू होतीस ना सभेत?"

"होते की. का गं?"

"छोटीच्या बाकावरची मुलगी उठून दुसरीकडे जाऊन बसली. म्हणाली, तुझी सावली पडते. सभेच्या प्रार्थनेतच सांगितलंय, असं घरी ऐकलं म्हणे."

बाईंची मुलगी पुलापलीकडे राहत होती. पुलापलीकडची माणसं काळी, अलीकडची उजळ, आणि हे कुठल्याही नकाशात लिहिलेलं नसलं तरी शहरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. मुलीने तिकडचा वायरमन पसंत केला तेव्हा बाईंनी आकांडतांडव केलं नाही, चार माणसांत जावयाचं कौतुकही केलं. छोटी बापावर गेली होती, सहा वर्षांची, बोलायला पटाईत. दर शनिवारी ती आजीकडे यायची. आजी मात्र सहा वर्षांत एकदाही पूल ओलांडून गेली नव्हती. गुडघे दुखतात, असं तिचं म्हणणं होतं.

"खरंच तसं बोलले का ते?" मुलीने विचारलं.

"माझं लक्ष नव्हतं गं. डोळे मिटून उभी होते."

"जोवर खरंखोटं होत नाही, तोवर छोटीला तुमच्या बाजूला पाठवणार नाही मी," मुलगी म्हणाली. "शनिवारीसुद्धा नाही."

त्या दिवशी बाईंनी खणातली वही काढली आणि मंगळवारच्या प्रार्थनेच्या लघुलेखनाच्या खुणा पहिल्यांदाच वाचल्या. शेवटची ओळ तर त्यांनी तीनदा वाचली.

शुक्रवारी खास बैठक बोलावली गेली. शहरातल्या एका शाळेत शिकवणाऱ्या आणि दोन वर्षांपूर्वी निवडून आलेल्या मास्तरीणबाईंनी ठराव आणला होता. त्या प्रार्थनेत एका वर्णाच्या लोकांचा अपमान झाला, म्हणून सभेने तिचा निषेध करावा आणि उपदेशकांना पुन्हा बोलावू नये. त्या दिवशी प्रार्थनाच झाली नाही. रेकॉर्डर पहिल्या मिनिटापासून सुरू होता.

उपदेशक पाहुण्यांच्या खुर्चीत शांत बसले होते. अध्यक्ष व्यवसायाने दंतवैद्य. समोरच्याने तोंड उघडावं आणि आपण बोलावं, ही त्यांची जुनी सवय. त्यांनी उपदेशकांनाच विचारलं, "आपण नक्की काय म्हणालात?"

"मी पापाच्या अंधाराबद्दल बोललो," उपदेशक म्हणाले. "माणसांबद्दल नाही. पुलाचं तर मी नावही काढलं नाही."

"काढलंत," मास्तरीणबाई म्हणाल्या. "मी ऐकलंय."

"तुम्ही ऐकलंत, मी नाही ऐकलं," बेकरीवाले सभासद म्हणाले. शहराचा निम्मा पाव त्यांच्या भट्टीतून जायचा आणि सभेतली निम्मी मतं त्यांच्या खिशात असायची. "कुणी ऐकलं, सांगा बरं. हात वर करा."

एकेकाने कानावर हात ठेवले. औषधाच्या दुकानवाल्यांना त्या दिवशी सर्दी होती. वकिलांचं मन खटल्यात गुंतलं होतं. घरबांधणीवाले म्हणाले, प्रार्थनेच्या वेळी आपण देवाशी बोलत असतो, उपदेशकांशी नाही. बाई हे सगळं लिहून घेत होत्या. आज पहिल्यांदाच कान आणि हात यांच्यामध्ये डोकं येऊन बसलं होतं, आणि हलायला तयार नव्हतं.

"पुरावा काय?" बेकरीवाले म्हणाले. "रेकॉर्डर बंद. इतिवृत्तात एक ओळ. उगाच साप साप म्हणून भुई धोपटायची. मी म्हणतो, ऐकण्यात काही गैरसमज झाला अशी नोंद करा आणि विषय संपवा. झाकली मूठ राहू द्या."

"म्हणजे मी खोटं बोलते?"

"मी कुठे तसं म्हणालो, मास्तरीणबाई? वय झालेल्या माणसाची अब्रू आहे, एवढंच म्हणतो."

मास्तरीणबाई एकट्या पडल्या होत्या आणि ते त्यांना कळलं होतं. अध्यक्षांनी मतदानाची घंटा जवळ ओढली. गैरसमजाची नोंद झाली की खरंखोटं कायमचं बुडालं, आणि त्याबरोबर शनिवारही. बाईंच्या मनात छोटी आली. सावली पडू नये म्हणून वर्गात अंग चोरून बसलेली.

कर्मचाऱ्याने सभेत तोंड उघडायचं नाही, हा नियम बाईंनीच नव्या लोकांना शिकवला होता. त्या उठल्या. गुडघे खरोखरच दुखत होते.

"माझ्याकडे लिहिलेलं आहे," त्या म्हणाल्या.

अध्यक्षांचा हात घंटेवरच राहिला. "काय लिहिलेलं?"

"प्रार्थना. मी दर वेळी लिहिते. माझे डोळे कधीच मिटलेले नसतात."

"बावीस वर्षं?" वकिलांनी विचारलं. त्यांना या बाबतीतच जास्त धक्का बसलेला दिसला.

"बावीस वर्षं. त्याची काय शिक्षा असेल ती द्या. आधी वाचू द्या."

कुणी हो म्हटलं नाही, कुणी नकोही म्हटलं नाही. बाईंनी वही उघडली. त्यांचा वाचण्याचा आवाज सपाट होता, गटारांच्या झाकणांचा ठराव वाचावा तसा.

"'हे परमेश्वरा, या शहराचं रक्त निर्मळ ठेव. पुलापलीकडे ज्यांना तूच काळोखातून घडवलंस, त्यांना त्यांच्या जागी सुखी ठेव. त्यांची सावली आमच्या लेकरांवर पडू देऊ नकोस.'"

उपदेशक आपल्या हातांकडे बघत होते. मास्तरीणबाईंनी डोळे पुसले आणि जिंकलेल्या माणसासारखी मान वर केली. बेकरीवाले काही बोलणार, तोच बाईंनी पान उलटलं.

"अजून एक ओळ आहे," त्या म्हणाल्या. "'सर्व सभासद, उभे राहून, एका सुरात: असेच घडो.'"

मास्तरीणबाईंची वर गेलेली मान हळूहळू खाली आली. "मी नसेन म्हटलं," त्या पुटपुटल्या, आणि मग स्वतःशीच, "म्हटलं. म्हटलं मी. तोंडात बसलंय ते."

पहिल्यांदा भानावर आले ते बेकरीवाले. "अध्यक्ष महाराज, माझी दुरुस्ती. प्रार्थनेचा निषेध करू या, माझी हरकत नाही. पण ती शेवटची ओळ कशाला? तो नुसता रिवाज आहे. ती तेवढी वगळा."

आणि काय आश्चर्य, दोन तास एकमेकांचे गळे धरणाऱ्यांचं एकमत झालं. औषधवाल्यांची सर्दी बरी झाली, वकिलांनी अनुमोदन दिलं. निषेध सगळ्यांना हवा होता, स्वतःला सोडून. अध्यक्षांनी टेबलावरून खोडरबर पुढे सरकवलं. "बाई, पेन्सिलीनेच आहे ना? तेवढं पुसून घ्या. तुमचं डोळे उघडे ठेवणंही मग आम्ही मनावर घेणार नाही."

बाईंनी त्या खोडरबराकडे पाहिलं. सौदा वाईट नव्हता. प्रार्थना खरी ठरत होती, मुलीला तोंड दाखवता येत होतं, नोकरीही राहत होती.

"नाही पुसणार," त्या म्हणाल्या. "आणि पुसून उपयोगही नाही. आज रेकॉर्डर सुरू आहे."

"तुम्हाला काय, तुम्ही सभासद नाही," बेकरीवाले चिडून म्हणाले. "दुसऱ्यांना चिखल लावणं सोपं असतं."

बाई खाली बसल्या. त्यांनी पेन्सिल उचलली, त्या ओळीखाली आणखी एक ओळ लिहिली आणि ती मोठ्याने वाचली. "'लघुलेखिका: असेच घडो.' मीही म्हटलं होतं. माझे तर डोळेही उघडे होते."

मतदान पुढच्या आठवड्यावर गेलं. बाईंना तोवर घरी बसायला सांगण्यात आलं. त्यांनी पेन्सिली डब्यात भरल्या, जिन्याखालच्या फोनशी गेल्या आणि मुलीचा नंबर फिरवला.

"ते बोलले होते," त्या म्हणाल्या. "आज सगळ्यांसमोर वाचून दाखवलं मी."

"लक्ष नव्हतं म्हणाली होतीस."

"खोटं बोलले. लिहीत होते. आणि शेवटी सगळ्यांबरोबर 'असेच घडो' मीही म्हटलं. छोटीची आजी असून म्हटलं. ते तुला दुसऱ्या कुणाकडून कळायला नको."

पलीकडे मागे छोटी कुणाचं तरी नाव घेऊन मोठमोठ्याने हसत होती. बाईंनी वाट पाहिली. एवढी वाट त्यांनी अध्यक्षांची घंटा वाजण्याचीही पाहिली नव्हती.

"उद्या शनिवार आहे," मुलगी शेवटी म्हणाली. "छोटी येणार नाही."

"बरं," बाई म्हणाल्या.

"तू ये."

बाईंच्या तोंडाशी गुडघे आले होते, सहा वर्षांच्या सवयीने. त्यांनी ते गिळले आणि पूल संपल्यावर कुठल्या हाताला वळायचं, ते विचारलं.