डागाचं पाणी

काचेच्या वाडग्यात नव्या रुग्णाच्या रक्ताचा थेंब पडला आणि पाणी फसफसून वर आलं. पांढरा फेस काठावरून ओघळला. एका दुकानाच्या वरच्या मजल्यावरचा तो हॉल माणसांनी खच्चून भरला होता; खुर्च्या संपल्यावर लोक जिन्यात उभे राहिले होते. सगळ्यांनी तोंडात बोटं घातली.

"मळ," निर्मळबुवा शांतपणे म्हणाले. "रक्तातला मळ सुटतोय. यंत्रं खोटं बोलतील, रक्त बोलणार नाही. पथ्य एकच, गोळ्या बंद. पोटात गोळी असली की माझं पाणी रुसतं."

पाण्याला फार कळायचं. यकृत, संधिवात, शेजारणीचा मत्सर, सगळं त्याला दिसे. बुवांच्या चष्म्याचा वाढलेला नंबर तेवढा दिसत नसे.

मागच्या रांगेत ताई बसली होती. ती दुसऱ्या शहरात, कॉलेजात जीवरसायनशास्त्र शिकवायची. "ये आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघ," म्हणून आईनेच तिला बोलावून घेतलं होतं. तिच्या धाकट्या बहिणीला रक्ताचा कॅन्सर होता, पण रोजच्या गोळीने आवरलेला. गोळी चुकवली नाही तर ही म्हातारी होऊन मरेल, असं डॉक्टर हसून सांगायचे. ती गोळी आता बंद होती आणि आज धाकटीची बुवांकडची शेवटची खेप होती.

बुवांनी पहिली सुरई बाजूला ठेवून दुसऱ्या सुरईतलं पाणी रिकाम्या वाडग्यात घेतलं. धाकटीच्या बोटाचा थेंब त्यात पडला, तळाशी गेला, विरला. फेस आला नाही.

"निर्मळ," बुवा म्हणाले. आई हमसून हमसून रडली.

घरची लॉन्ड्री होती. हॉटेलांच्या, दवाखान्यांच्या चादरी तिथे धुतल्या जायच्या. बुवांच्या मंचावरची पांढरीशुभ्र चादरही तिथलीच. संध्याकाळी इस्त्रीच्या टेबलापाशी ताईने विषय काढला.

"आई, पहिल्या सुरईत हायड्रोजन पेरॉक्साइड आहे. ते कुणाच्याही रक्तात फेसाळतं. दुसरीत साधं पाणी आहे."

"तू पुस्तकं वाचलीस, मी आयुष्यभर मळ काढलाय," आई म्हणाली. "कपडा चांगल्या पाण्यातून काढताना फेस सुटायचा थांबला की तो स्वच्छ झाला. हे मला शिकवू नकोस."

ताईने धाकटीच्या दंडावर काही न लागता उठलेले निळे डाग पाहिले. "तू तरी ऐक गं. आजपासून गोळी सुरू कर."

"त्या गोळीने मला दिवसभर मळमळतं, ताई," धाकटी म्हणाली. "थोडे दिवस मला बरी झालेली राहू दे ना."

ताईने समजावलं, भांडली, शेवटी पायाही पडली. धाकटीने तिला उठवून जवळ घेतलं, पण गोळी घेतली नाही.

दोन-तीन महिन्यांत धाकटीच्या नाकातून रक्त सुरू झालं ते थांबेना. दवाखान्यात गोळ्या सुरू केल्या, बाटल्या चढवल्या, पण आजार गोळीच्या हाताबाहेर गेला होता. डॉक्टरांनी हात टेकले. ताई तिचा हात धरून बसली होती आणि तो हात गार झाल्यावरही तिला सोडवेना.

घर रिकामं झाल्यावर आई धाकटीच्या उशीचा अभ्रा घेऊन लॉन्ड्रीत गेली. रक्ताच्या डागावर तिने सवयीने निळ्या कॅनमधलं डागाचं पाणी ओतलं. फेस आला. हजारो चादरींवर आला होता, तसाच. मशीनच्या खडखडाटात त्याच्याकडे तिने कधी धड पाहिलं नव्हतं.

"ताई," तिने हाक मारली. "ती गेली, तरी तिचं रक्त फेसाळतंय. मग बुवांच्या वाडग्यात का नव्हतं फेसाळलं?"

ताईने कॅनवरचं नाव तिला वाचून दाखवलं: हायड्रोजन पेरॉक्साइड. आईला उत्तर कळलंच होतं.

बुवांच्या पुढच्या बैठकीला दोघी हॉलमध्ये गेल्या. आईच्या हातात निळा कॅन होता. ताईने स्वतःच्या बोटाला सुई टोचली. कॅनमधल्या पाण्यात थेंब पडताच फेस वर आला.

"मला काहीही झालेलं नाही," ती लोकांना म्हणाली. "आपलं शरीर काम करतं तेव्हा त्यात या कॅनमधलं हेच पेरॉक्साइड थोडंथोडं तयार होतं. ते मोडायला रक्तात कॅटलेज नावाचं एन्झाइम असतं. त्याच्या पोटात लोखंडाचा एक अणू बसलेला असतो. पेरॉक्साइडच्या एका रेणूकडून तो ऑक्सिजन घेतो, दुसरा रेणू आला की त्याच्या हवाली करतो, आणि पुन्हा रिकाम्या हातांनी उभा. उरतं पाणी, आणि ऑक्सिजन बुडबुडे होऊन वर येतो. हा फेस म्हणजे मळ नाही. कुणाचंही रक्त आपलं काम करतंय, एवढंच."

"पाण्याचा अपमान होतोय," बुवा उठत म्हणाले.

"होऊ दे," आई म्हणाली. तिने दुसरी सुरई उचलली. "आज पहिल्यांदा कोण आलंय?"

एक रिक्षावाला चाचरत पुढे आला. त्याचा थेंब त्या सुरईतल्या पाण्यात पडला आणि गपचूप विरला.

"झाला बरा," आई म्हणाली. "उपचार सुरू व्हायच्या आधीच."

कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. बुवा मागच्या दाराकडे सरकत होते. जिन्यातल्या लोकांनी ते दार अडवलं.

आईने पिशवीतून अभ्रा काढला, मंचावरच्या चादरीवर पसरला.

"अर्धाच धुतलाय," ती म्हणाली. "माझ्या मुलीचा आहे. बुवांनी तिला निर्मळ म्हटलं, मी मान डोलावली." तिने उरलेल्या डागावर कॅन वाकडा केला. फेस फुलून आला. "बघून घ्या. जिवंतपणी यायचा तेवढाच येतोय. माणूस बरं आहे की नाही, हे याला कळत नाही. माणूस आहे की नाही, हेसुद्धा कळत नाही. घरी जा आणि तुमच्या गोळ्या घ्या."

मग रिक्षावाल्याने खिशातून गोळ्यांची पट्टी काढली आणि ताईला हळूच विचारलं, "इथे यायचं म्हणून चार दिवस चुकवल्यात. आता काय करू?"

"चला," ताई म्हणाली, "आत्ताच डॉक्टरांकडे जाऊ."

आई मागे थांबली. फेस बसला तसा डाग निघून गेला होता, आणि ती त्या स्वच्छ अभ्र्यावरून हात फिरवत राहिली.