मेहुण्याचा दोर

चैत्रातली सकाळ. मोहोळकड्याच्या माथ्यावर कोवळं, केशरवर्णी ऊन उतरलेलं. दरीत पांगारा पेटलेला, करवंदीच्या जाळ्यांतून शुभ्र सुगंध पाझरणारा. आणि मधल्या उभ्या, काळ्याकभिन्न कातळाच्या पोटाशी आग्यामोहोळं लोंबत होती: मधुभारानं जडावलेली, श्यामल, अखंड गुंजणारी. त्या गुंजनानं सारा कडा आतून थरथरत होता. हे सगळं धावजीनं पूर्वी एकदा पाहिलं होतं.

पूर्वी म्हणजे मागल्या जन्मी. आणि मागला जन्मही याच देहातला, याच नावाचा. म्हातारा होऊन, एका हातानं आयुष्य ओढत नेऊन, धावजी आपल्या झोपडीत मेला होता. मरताना माणूस मागं वळून पाहतो म्हणतात. हा पठ्ठ्या नुसता पाहून थांबला नाही, तो मागं चालत निघाला. पावसाळ्यामागून पावसाळे, हिवाळ्यामागून हिवाळे उलटे ओलांडत, कालौघाच्या विरुद्ध, एकटा. देवांनाही धाप लागावी अशी ती वाट तुडवून तो या सकाळपाशी येऊन थांबला आणि आपल्याच तरण्याबांड शरीरात जागा झाला. 

देह ओळखीचा होता. तीच रुंद छाती, त्याच कातळकठीण पोटऱ्या, कपाळावर लहानपणी शेळीनं दिलेल्या धडकेची तीच खूण. दात सगळे जागेवर. गुडघे कुरकुर न करता वाकत होते, म्हणून तो उगाचच बसून उठला, पुन्हा बसला. पण डाव्या मनगटापुढं एक हात होता. सावळा, सतेज, पाच बोटांचा. त्याच्याकडं तो बिचकून पाहत होता. दारात आलेल्या अनोळखी पाहुण्याला आत घ्यावं की नाही ते कळू नये, तसं त्याचं झालं होतं.

बहिणीनं भाकरी आणि पाण्याचा तांब्या एकदमच पुढं केला. धावजीनं उजव्या हातानं भाकरी घेतली. डावा हात लोंबतच राहिला, आणि तांब्या खडकावरून घरंगळत गेला. मग त्यानं उरलेली भाकरी फडक्यात बांधली आणि त्याची गाठ दातांनी ओढली.

ठकू खळखळून हसली. "दादा, देवानं दोन हात दिलेत ते काय खुंटीला टांगायला? दातानं कशाला गाठ मारतोस?"

हे हसू धावजीनं अर्ध्या आयुष्यात ऐकलं नव्हतं.

त्याचं असं झालं होतं. या वाडीची रीत अशी, की मध काढायला कड्यावरून उतरणाऱ्याचा दोर त्याच्या बायकोच्या भावानं धरायचा. सख्ख्या भावाच्या मनात कधी वाटणी येईल ते सांगता येत नाही. मेहुण्याच्या मनात बहिणीचं कुंकू असतं. माथ्यावर दुसऱ्या कुणी त्या दोराला बोट लावायचं नाही. मागल्या जन्मी, याच सकाळी, ठकूचा नवरा चिमा खाली लोंबकळत होता. चवताळलेल्या माश्या वर आल्या, धावजीच्या तोंडावर बसल्या, आणि त्याचा डावा हात त्या झाडायला उठला. आपोआप उठला. दोर सुटला. सुटता दोर थांबवायला त्यानं तो त्याच मनगटाला गुंडाळला; दोर थांबला नाही, हात मात्र गेला. चिमाही गेला. ठकूनं भावाला दोष दिला नाही, शिव्याशाप दिले नाहीत. ती त्याच्याशी बोलायची थांबली, आणि मरेपर्यंत बोलली नाही.

"दाजी, आजचा दिवस राहू द्या," धावजी म्हणाला.

चिमा ओल्या पाल्याची चूड बांधत होता, धुरासाठी. त्यानं मान वर केली नाही. "भ्यालात व्हय पाव्हणं? तुम्ही नाय धरला तर तुमच्या चुलतभावाला धरायला लावीन. पण उतरणार आजच. फुलोरा सरत आलाय, माश्या मध पिऊन उडून जातील."

इथं सुटका होती. चुलतभावाच्या हाती दोर देऊन धावजीला बाजूला होता आलं असतं; मग काहीही झालं असतं तरी बोल त्याच्यावर आला नसता. पण तो आपलं नाव राखायला एवढी वाट चालून आला नव्हता. तो बहिणीच्या कुंकवासाठी आला होता. त्याला कड्याचं भय नव्हतं, माश्यांचं नव्हतं. भय होतं ते आपल्या डाव्या हाताचं. ते भय पोटात घेऊन त्यानं दोर उचलला, आणि मी तरी या माणसापुढं इथंच हात जोडतो.

चिमा उतरला. धुराचा निळसर लोट कातळाला बिलगत वर आला. वाखाचा दोर ताणला गेला, करकरला. आणि तरण्या देहाला ठाऊक नसलेली एक गोष्ट धावजीनं केली. दोर त्यानं कमरेभोवती घेतला, उजव्या मांडीवरून वळवला, टाच खडकाच्या खाचेत रोवली, आणि सारा भार पाठीवर तोलून दोराचं टोक उजव्या मुठीत आवळलं. एका हातानं विहिरीचं पाणी शेंदत काढलेल्या त्या दीर्घ, मूक वर्षांनी त्याला हे शिकवलं होतं. बळ पंचविशीचं होतं, शहाणपण म्हाताऱ्याचं. डावा हात बाजूला नुसता लोंबत होता.

मग माश्या आल्या.

काळ्या, सोनेरी, क्रुद्ध, घोंघावत आल्या. कपाळावर आल्या, पापण्यांवर आल्या, ओठांवर आल्या. डाव्या तळहातावर तर त्यांनी दाट थर धरला. अंगात आगीचे कण पेरले जात होते. धावजी वाट पाहत होता, तो हात उठेल म्हणून, मागल्यासारखा, आपोआप.

हात उठला नाही. सकाळी ज्याला साधा तांब्या धरायचं सुचलं नव्हतं, त्याला माश्या झाडायचंही सुचलं नाही. नसलेपणाची इतक्या वर्षांची सवय त्या हाताच्या हाडीमाशी मुरली होती. माश्या डसत राहिल्या. हात निश्चल राहिला. दोर ताठ राहिला.

"ओढा, पाव्हणं," खालून हाक आली.

धावजी इंच इंच मागं सरत गेला. चिमा कातळाला बोटं लावत वर चढत आला. आधी धुरानं माखलेलं मुंडासं दिसलं, मग खांदे, मग मधानं भरलेली परडी. तो काठावर पालथा पडला, धापा टाकत, खोकत, जिवंत. धावजीनं त्याच्या पाठीवर उजवा हात ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही.

सावलीत ठकूनं भावाचा डावा हात मांडीवर घेतला आणि त्यातले काटे नखांनी उपटायला बसली. डबीतला चुना बोटानं लावत होती आणि तोंडाचा पट्टा सुरू होता. "येडा का खुळा तू? हा हात मोकळाच होता ना? झाडायच्या की माश्या. सुजून बघ कसा भोपळा झालाय. उद्या जेवशील कसा? मीच भरवू का आता तुला?"

आणि तेव्हा तो हात दुखू लागला. मनगटापासून बोटांच्या टोकांपर्यंत कळ धावत गेली, लख्ख, जिवंत, स्वतःची. धावजीच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

"दुखतंय गं, ठके," तो म्हणाला.

"दुखणारच. गप बस. मूठ मीट बघू."

त्यानं सांगितलं, आणि हातानं ऐकलं. सुजलेली, जड, चुन्यानं पांढरी झालेली बोटं हळूहळू मिटत आली, आणि मिटता मिटता त्यांत तिचं बोट सापडलं. तिनं ते सोडवून घेतलं नाही. दुसऱ्या हातानं ती काटे काढत राहिली, रागावत राहिली. ऊन माथ्यावरून कलत गेलं, पांगाऱ्याची फुलं दरीत गळत गेली, आणि ठकू बोलत राहिली, बोलत राहिली, बोलतच राहिली.