पेंटरने सरळ केलेल्या सहा दांड्या

मित्रांनो, या पेंटरने परवा गच्चीवर चार शेजारी गोळा केले आणि माझ्याकडे बोट करून सांगितलं, "ही बया गंजलीय. बहिरी झालीय. आता भंगारात देतो." मी तांब्याची आहे. तांबं गंजत नाही, एवढंही ज्याला ठाऊक नाही, तो मला बहिरी म्हणतो!

मी एक जुनी अँटेना आहे, हे काही मी लपवत नाही. एका वेल्डरने नळ्या जोडून मला घडवलं आणि वायरलेस खात्यातून निवृत्त झालेल्या ऑपरेटरकाकांनी मला या गच्चीवर उभं केलं. शाळा मी पाहिली ती वरूनच. पण उंचावर राहिलं की माणसं नीट दिसतात, आणि त्यांची टकलंही.

खालच्या खोलीत माझं यंत्र आहे, रिपीटर. लांबून आलेला बारीक आवाज ऐकायचा आणि त्याच क्षणी मोठ्याने चहूकडे सांगायचा, हे आमचं काम. ऐकणं माझ्यातूनच, बोलणंही माझ्यातूनच. मग आपलंच ओरडणं आपल्या कानात जाऊ नये म्हणून मध्ये सहा तांब्याचे डबे बसवलेले असतात. प्रत्येक डब्यातून एक दांडी वर आलेली. एक दोन बोटं, एक चार, एक जेमतेम नखाएवढी. काकांनी महिनाभर खपून, कान लावून प्रत्येकीची उंची जुळवली होती. त्या काळी डोंगरामागचा खोकलासुद्धा मला कळायचा. लोक म्हणत, "काय अँटेना आहे!" आणि मी मान ताठ ठेवायचे.

मग काका थकले, मुलीकडे राहायला गेले. आमचा सगळा संसार खाली राहणाऱ्या या पेंटरच्या हाती आला. जाताना काका म्हणाले, "दांड्यांना हात लावू नकोस." यानेही "नाही हो काका, छे," म्हणून मान डोलावली. मान डोलवायला कुठे अक्कल लागते!

पेंटरचा धंदा दुकानांच्या पाट्या रंगवायचा. अक्षर एक सूत खालीवर झालं तर याला जेवण गोड लागत नाही. एके दिवशी तो फडकं घेऊन डबे पुसायला बसला आणि म्हणाला, "शी! काय हे वेडंवाकडं. काकांना शिस्तच नव्हती." मग पट्टी लावून त्याने सहाही दांड्या एका उंचीवर आणल्या. लांब उभा राहून, एक डोळा मिटून पाहिलं. खूश झाला.

त्या दिवसापासून आम्हाला शेजारची गल्ली सोडून काही ऐकू येईना. शहाण्याने काय करावं? आवाज वाढवणारं मोठं यंत्र आणून जोडलं! आता आम्ही पाचपट ओरडत होतो आणि आमच्याच ओरडण्याने आम्हाला कानठळ्या बसत होत्या.

पेंटरची थोरली बहीण डोंगरामागच्या हवामान केंद्रात नोकरीला. दमेकरी सासूबाई तिच्याजवळ. तिथे फोन लागत नाही. हातातला छोटा वायरलेस सेट हाच आधार: बटण दाबून बोलायचं, सोडून ऐकायचं. रोज संध्याकाळी पेंटर बटण दाबून ओरडायचा, "ताई, सेट चालू करायला पुन्हा विसरलीस ना? तुझं नेहमीचंच!"

पाचव्या दिवशी ताई दीड तास चालत आली. चप्पलही न काढता खोलीत शिरली.

"मी विसरले? चार दिवस मी उत्तर देतेय! काल सासूबाईंना दम लागला. डॉक्टरला पाठव म्हणून सात वेळा हाक मारली. आणि तू? तू मला शिस्त शिकवत होतास. दवाखान्यात न्यायला एक खडीचा ट्रक मिळाला म्हणून त्या वाचल्या."

पेंटरचा चेहरा उतरला. "अगं, पण ती अँटेना..."

"अँटेनाला काही बोलू नकोस. हा सेट घे, गावाबाहेरच्या पाण्याच्या टाकीमागे जा आणि बोलत राहा."

तो गेला. ताईने आधी आमचं बोलणं बंद ठेवून नुसतं ऐकलं. पेंटरचा आवाज स्वच्छ आला. मग बोलणं चालू केलं. लगेच नुसती खरखर. बिचारा टाकीमागे "ताई, ताई" करत होता आणि त्याचंच यंत्र त्याला ओळख देत नव्हतं. दहा मिनिटं तिने त्याला तसाच ठेवला. मला भारी बरं वाटलं.

मग त्याला परत बोलावून ताईने डबे पाहिले. "या दांड्या एका रेषेत कुणी आणल्या?"

"छान दिसत नव्हत्या गं."

ताईने कपाळावर हात मारून घेतला. दांड्यांचा वर्षानुवर्षं बाहेर राहिलेला भाग काळवंडला होता, आतला चकचकीत होता. त्या खुणेवर तिने एकेक दांडी आणली, मोठं यंत्र काढून टाकलं, मीटर लावून बारीक फेर केले आणि अंधार पडायच्या आत परत गेली.

तर मित्रांनो, वस्तू वाकडी दिसली म्हणून सरळ करायला धावू नका. ती तशी का ठेवलीय, ते आधी विचारा.

आज संध्याकाळी डोंगरामागून ताईची हाक आली, अगदी शेजारी बसल्यासारखी. "सासूबाई जेवल्या. पण औषध फक्त उद्यापुर..." तेवढ्यात पेंटरने बटण दाबलं आणि सुरू झाला, "बघ ताई, कसं दुरुस्त केलं आपण! मी आधीच म्हणत होतो..."

मी वाऱ्यात अंगभर थरथरले आणि त्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "पेंटर, तू पाट्याच रंगव. आणि आधी ते बटण सोड, मेल्या, ताई औषधाचं सांगतेय!"