चांदीचे गुबगुबीत पक्षी

हिवाळ्यात शारजातल्या आमच्या इमारतीवर ऊन कोवळ्या केशरासारखं उतरतं, आणि यंदा शेजारच्या गॅलरीतून मेहरूभाभींच्या हातोडीचा नाद येऊ लागला. मंद, सलग, मध्येच श्वास घेण्यापुरता थांबणारा.

भाभी मूळच्या रत्नागिरीच्या खाडीकाठच्या. त्यांचे यजमान युसूफभाई पितळेत बारीक खाचा कोरून त्यांत चांदीची तार ठोकून बसवत. इथल्या संग्रहालयात कित्येक शतकांपूर्वीची, कुणा अनाम कारागिरानं घडवलेली एक झारी आहे; काळवंडलेल्या पितळेवर चंद्रप्रकाश गोठावा तसे तिच्यावर चांदीचे पक्षी आहेत. तशीच झारी युसूफभाई घरी घडवत होते. खाचा साऱ्या कोरून झाल्या, निम्मे पक्षी उजळले, आणि गेल्या उन्हाळ्यात ते गेले.

अबू धाबीहून आलेल्या फैजलनं, त्यांच्या मुलानं, आईच्या हाती हातोडी पाहिली तेव्हा मी तिथंच होते.

“अम्मी, राहू दे ना. बाबांची शेवटची वस्तू आहे. बिघडली तर?”

“त्यांनी खाचा रिकाम्या ठेवायला नाही कोरल्या,” भाभी शांतपणे म्हणाल्या. “तारा तर मीच कापून द्यायचे.”

जाताना तो झारीकडे वळून पाहत गेला.

तार कापणं निराळं आणि बसवणं निराळं. ती उसळून बाहेर यायची, वाकायची. भाभींनी आधी पितळेच्या जुन्या पत्र्यावर हात बसवला, मगच झारीला हात लावला. आणि सारा हिवाळा त्यांच्या ओणवलेल्या मानेवर ऊन येऊन बसत राहिलं.

ईदला फैजल आला. त्यानं झारी हळुवार फिरवली. युसूफभाईंचे पक्षी उडायच्या बेतात होते. भाभींचे गुबगुबीत, दाणे टिपून निवांत बसल्यासारखे.

“हे तुझे,” तो म्हणाला, आणि हसताहसता त्याचे डोळे भरून आले. “बाबा हसले असते.”

“हसतातच ते,” भाभी म्हणाल्या, आणि शीरखुर्मा वाढायला उठल्या.

युसूफभाईंविषयी ‘होते’ असं त्या कधीच म्हणत नाहीत. गेलेल्याचं वय थांबतं, आपलं सरकत राहतं, आणि एक दिवस आपण त्याच्याहून वडील होतो. पण प्रेमाच्या व्याकरणात भूतकाळाला बहुधा जागाच नसते.