पाचांतलं एकही नाही

शाहू महाराजांचं राज्य होतं. त्या साली मानमोडीचा ताप आला आणि कोल्हापुरातल्या गल्लीगल्लीतनं माणसं उचलून घेऊन गेला. मेहमुदाच्या घरातनं त्यानं तिचा नवरा नेला.

मौलाली पखालजी होता. रेड्याच्या पाठीवर कातड्याची मोठी पखाल टाकायची, पंचगंगेवर ती भरायची आणि बांधकामांवर, खानावळीत, तालमीत पाणी पोचवायचं, हा त्याचा धंदा. नळ अजून सगळ्या गल्ल्यांत आले नव्हते, त्यामुळं कामाला तोटा नव्हता. एका सकाळी अंग मोडून आलंय म्हणून तो आडवा झाला तो परत उठलाच नाही. मागं मेहमुदा राहिली, रेडा राहिला आणि पाच पोरं राहिली. थोरली नजीरा नऊ वर्षांची. तिच्या पाठचा गौस, त्याच्या पाठची फातू, मग तिसरं लागलेला दस्तगीर आणि अंगावर पिणारा मदार.

माती होऊन महिना झाला नाही तोच नातेवाईक जमले. मेहमुदा इद्दतीत होती. नवरा गेलेल्या बाईनं चार-साडेचार महिने घराबाहेर पडायचं नाही, परक्या पुरुषासमोर यायचं नाही. त्यामुळं ती आतल्या खोलीत, दाराला लावलेल्या चादरीमागं बसली आणि बाहेर सोप्यात तिच्या पोरांची वाटणी चालू झाली.

"गौसला मी नेतो," मौलालीचा थोरला भाऊ अमीन म्हणाला. तो हुपरीला राहायचा, चांदीचे पैंजण घडवायचा. "पोरगं हुशार हाय. दोन वर्सांत हात बसंल त्याचा. आनि दस्तगीरला बी नेतो. आमच्यात पाळणा हाललाच न्हाय, सलमाला तेवढाच जीव लावायला हुईल."

हातकणंगल्याची नणंद म्हणाली, "नजीरा माझ्याकडं ऱ्हाऊ दे. घरकामाला हुईल."

मेहमुदाचा सख्खा भाऊ म्हणाला, "फातूला आनि तान्ह्याला घिऊन ही म्हायेरला ईल. वय काय झालंय तिचं? वर्सभरानं निकाह लावून दिऊ."

"आनि रेडा?" कोणीतरी विचारलं.

"इकायचा की. कोन हाकनार हाय त्येला?"

आत मदार छातीशी लागला होता. नजीरा आईचं तोंड बघत होती. तिला सगळं समजत होतं, आणि ते मेहमुदाला जास्त लागलं.

"पोरं कुठं जानार न्हाईत," ती चादरीमागनं म्हणाली. "रेडा बी न्हाय."

 मग अमीन समजुतीच्या सुरात बोलला, "मेहमुदा, तुझ्या भल्याचंच बोलतोय आमी."

"तुमी वाटे घालताय, भाईजान. पोरं म्हंजे काय शेताचा तुकडा हाय व्हय, ह्येला एवढं नि त्येला तेवढं करायला?"

"खायला काय घालनार त्यास्नी?"

"त्यांचा बाप काय घालत हुता, त्येच."

तिच्या भावानं कपाळाला हात लावला. नणंद पदर सावरत म्हणाली, दुःखानं बाई जरा बिथरलीय, आत्ता हिच्याशी बोलण्यात अर्थ नाही. सगळे उठले. अमीन मात्र थांबला. दस्तगीर नुकताच तापातनं उठला होता, हातपाय काड्या झाले होते, आणि घरात नजीरालाही कणकण होती. अमीन दाराशी येऊन हळू आवाजात म्हणाला, "ह्येला तरी दे. इद्दत सरंस्तवर. सलमा दूधभात घालंल, पोरगं धरंल अंग. तू मोकळी झालीस की आनून सोडतो."

मेहमुदानं पोराचं कपाळ हातानं चाचपून बघितलं. मग दस्तगीरला टोपडं घालून तिनं चादरीखालनं बाहेर सोडला. "इद्दत सरंस्तवर," ती म्हणाली. "एक दीस जास्ती न्हाय."

इद्दत संपली त्या सकाळी ती उठली, अंघोळ केली आणि पहिल्यांदा गोठ्यात गेली. शेजारच्या आकारामनं इतके दिवस रेड्याला वैरण घातली होती. रेडा माजला होता. त्यानं मान फिरवून तिच्याकडं बघितलं आणि फुस्कारला.

"माझ्यावर काय डोळं वटारतोस," मेहमुदा म्हणाली. "चल."

पखाल दोरीनं आवळून ती घाटाकडं निघाली तेव्हा गल्लीतल्या बायका दारात आल्या. पाठीला मदार बांधलेली नजीरा, तिचा हात धरून फातू, पुढं रेडा आणि रेड्याच्या कानाशी मेहमुदा. गौस तेवढा नव्हता. दरबारानं शाळेची फी माफ केली होती. मौलाली जिवंत असताना त्याला शाळेत घातलं होतं, ते नाव मेहमुदानं काढू दिलं नव्हतं. तो पाटी घेऊन उलट्या दिशेला गेला.

घाटावर रेडा पोटापर्यंत पाण्यात गेला आणि उभा राहिला. पखाल त्याच्या पाठीवरच भरायची असते, हे तिनं अनेकदा बघितलं होतं. बघणं वेगळं आणि बादलीनं बादली ओतणं वेगळं. पखाल निम्मी भरली तोवर दंड भरून आले. पलीकडं धुणं धुणाऱ्या परिटानं हाक मारली, "बाई, हे काय तुमचं काम न्हाय."

"मग तुमी भरा की," ती म्हणाली. तो धुणं आपटायला लागला. तिनं उरलेली पखाल भरली.

अर्धं पाणी वाटेत सांडलं, कारण तोंडाची दोरी नीट आवळली नव्हती. दुसऱ्या दिवशी कमी सांडलं. पंधरा-वीस दिवसांनी सांडायचं थांबलं. बांधकामावरचे लोक आधी हसले, मग पाणी वेळेवर येतंय म्हटल्यावर त्यांनी हसायचं सोडलं. अडलं ते तालमीत. तिथले वस्ताद हंबीरराव दारातच आडवे उभे राहिले.

"तालमीत बाईचं पाऊल पडत न्हाय," ते म्हणाले. "मौलाली हुता तवा गोष्ट येगळी हुती."

"मला कुठं कुस्ती खेळायचीया? हौदात पानी वतायचंय."

"हौद आतच हाय न्हवं?"

मेहमुदानं तालमीच्या भिंतीकडं बघितलं. "हौदाच्या बाजूला भिताडाला भोक पाडा, एक पन्हाळ लावा. मी भाईरनं वतते. माझं पाऊल भाईर, पानी आत. न्हायतर तुमच्या पैलवानांस्नी सांगा, घागरी घिऊन नदीला जावा."

आतनं कुणाचं तरी हसू ऐकू आलं. वस्तादांनी मागं वळून बघितलं तसं ते थांबलं. भोक मात्र दुसऱ्या दिवशी पाडलेलं होतं.

एवढं जमलं, पण दस्तगीर आला नाही. इद्दत सरली तसा तिनं अमीनला निरोप पाठवला. उत्तर आलं, पोराला खोकला आहे. दुसरा निरोप गेला. उत्तर आलं, उन्हं उतरल्यावर बघू. तिसऱ्या वेळी हुपरीच्या बाजाराहून आलेल्या शेजारच्या बायडाबाईनं खरं काय ते सांगितलं. "अगं, त्यो सलमाला अम्मी म्हनतोय. सुंता करून आमचंच नाव लावनार, असं अमीन चारचौघांत बोलला."

रात्री मेहमुदानं नेहमीसारख्या भाकरी केल्या. सकाळी पखाल उतरवून ठेवली आणि रेड्याच्या पाठीवर घोंगडं टाकलं. फातू आणि गौसला वर बसवलं, मदारला पाठीला बांधलं, नजीराच्या डोक्यावर भाकरीचं गाठोडं दिलं.

"कुठं जायाचं?" फातूनं विचारलं.

"दस्तूला आनायला."

"आनि त्यांनी न्हाय दिला तर?" हे नजीरानं विचारलं.

"त्येच्यासाठीच समदी चाललोय," मेहमुदा म्हणाली.

उचगाव मागं पडलं आणि ऊन चढलं. रेडा दिसेल त्या डबक्यात बसायला बघायचा आणि त्याला उठवण्यात वेळ जायचा. फातू वरनं उतरायचं म्हणून रडली आणि उतरवल्यावर चालवत नाही म्हणून रडली. गौस आणि नजीरा शेवटच्या भाकरीवरनं भांडले, तेव्हा मेहमुदानं दोघांनाही एकेक ठेवून दिली आणि भाकर फातूला दिली. वाटेत भेटणारी माणसं विचारत, "पावणं, कुठल्या गावचं?" बाईबरोबर पुरुष दिसत नाही म्हटल्यावर पुढचं विचारायला अडखळत. उन्हं कलता कलता हुपरी आली.

अमीनच्या अंगणात दस्तगीर बसला होता. मेहमुदानं त्याला लगेच ओळखलं नाही. गाल भरले होते, डोळ्यांत सुरमा होता, पायात चांदीचे वाळे. समोर ताटलीत गूळ-भात होता आणि सलमा त्याला घास भरवत होती. मेहमुदानं हाक मारली. त्यानं वर बघितलं आणि सलमाच्या मागं जाऊन तिचा पदर तोंडावर ओढून घेतला.

 सलमा उठली. तिनं जावेचे धुळीनं भरलेले पाय बघितले, पाण्याचा तांब्या आणून दिला. मग म्हणाली, "त्येला हितं काय कमी हाय, मेहमुदा?"

"काय बी कमी न्हाय, भाभी. दिसतंय की. तुमी त्येला जगवलासा. त्ये मी मरंस्तवर इसरनार न्हाय."

"मग?"

"मग काय. न्यायला आलेय."

आवाज ऐकून अमीन कामावरनं उठून बाहेर आला. त्याला राग आलेला स्पष्ट दिसत होता. "नदीवर रेडं हाकत फिरतीस, पोरं उनातानात फिरवतीस, जमातीत तोंड दाखवायची सोय ठेवली न्हाईस. आनि त्यात हे एक सुखात हाय ते बी तुला बघवंना?"

"भाईजान, तुमी इद्दत सरंस्तवर म्हनला हुता."

"म्हनलो हुतो. आता न्हाय म्हनतो."

मेहमुदानं रेडा अंगणातल्या खुंटीला बांधला. पाठीवरचा मदार सोडला, त्याला पदराखाली घेतला आणि अंगणाच्या मधोमध बसली. "मग आमी बी हितंच ऱ्हातो. पाची पोरं एका ठिकानी ऱ्हानार, एवढंच माझं म्हननं हाय. तुमच्या घरात तर तुमच्या घरात. रेड्याला वैरन टाका."

गल्लीतली माणसं जमायला लागली. कुणी अमीनची बाजू घेतली, कुणी म्हणालं, आईला पोर द्यायलाच पाहिजे. अमीन सगळ्यांना समजावत होता, पण त्याचा आवाज चढायला लागला होता. या गलक्यात पोरांकडं कुणाचं लक्ष नव्हतं.

फातूला भूक लागली होती. ती सरळ दस्तगीरच्या ताटलीशी गेली आणि गूळ-भाताचा घास उचलला. सलमाच्या पदराआडनं दस्तगीर बाहेर आला. ताटली आपली आहे एवढंच त्याला माहीत होतं. त्यानं ती ओढली, फातूनं उलटी ओढली, आणि मग तो तिच्या दंडाला कडकडून चावला. फातूनं भोंगा पसरला आणि त्याच्या पाठीत धपाटा घातला. गौस मध्ये पडला, त्यालाही एक बसला. तोही चिडला. नजीरानं पुढं होऊन तिघांना ओढून बाजूला केलं, दस्तगीरला काखोटीला मारलं आणि सवयीनं ओरडली, "दस्तू, चावायचं न्हाय म्हनून किती येळा सांगितलं?"

तो तिच्याकडं बघत राहिला. तिचं नाक त्यानं हातानं चाचपलं. मग तिच्या गळ्यात तोंड खुपसून हुंदके द्यायला लागला, "नजी, फातूनं मारलं. फातूनं मारलं."

अंगणातली माणसं वळून बघायला लागली. अमीन काहीतरी बोलणार होता, तो सलमानं हात वर करून थांबवला. तिच्या डोळ्यांतनं पाणी वाहत होतं आणि ते ती पुसत नव्हती.

"नेऊ दे त्येला," ती नवऱ्याला म्हणाली. "त्येला भावंडं हाईत. ती आपन कुठनं आननार?"

अमीन आत निघून गेला. जाताना त्यानं दार ओढून घेतलं नाही.

मेहमुदा दस्तगीरच्या पायातले वाळे काढायला वाकली. सलमानं तिचा हात धरला. "ते ऱ्हाऊ दे. माझ्या हातानं घातलेलं हाय."

"भाभी, पोरगं मी कुनाला देत नसते," मेहमुदा म्हणाली. "पन ह्यास्नी मोठी अम्मी लागती. कोल्हापूर काय लांब न्हाय. तुमी येत जावा. चार दीस ऱ्हावा, चाळीस दीस ऱ्हावा. तुमच्या हातचा भात त्येला मीबी घालू शकत न्हाय."

सलमानं त्या रात्री त्यांना जाऊ दिलं नाही. सगळ्यांना जेवू घातलं, पाचही पोरांना एका ओळीत झोपवलं. दस्तगीर झोपेत सलमाकडं सरकला, मेहमुदानं बघितलं आणि त्याला तसाच राहू दिला. सकाळी निघताना मात्र तो रडला. वेशीपर्यंत मागं बघून "अम्मी, अम्मी" करत होता आणि ती हाक मेहमुदासाठी नव्हती. तिनं दात आवळले आणि रेडा हाकला. पट्टणकोडोलीपर्यंत तो रडला. नंतर गौसनं त्याला रेड्याची शेपटी धरायला दिली.

पुढचं वर्ष सोपं गेलं नाही. मदारला गोवर आला, पावसाळ्यात पाण्याला गिऱ्हाईक नव्हतं, तेव्हा मेहमुदानं खानावळीत मसाला कांडला. तिचा भाऊ दोनदा निकाहाचं बोलणं घेऊन आला आणि दोन्ही वेळा चहा पिऊन परत गेला. नजीरालाही तिनं गौसच्या मागं शाळेत पाठवली. त्यावर हातकणंगल्याची नणंद म्हणाली की, पोरीला शिकवून काय पाण्याचा हिशेब ठेवायचाय? मेहमुदा म्हणाली, "काय ठेवायचं ते तिचं ती बघंल. तुमच्याकडं भांडी घासायला येनार न्हाय एवढं नक्की."

मोहरमला सलमा आली. एकटी आली, अमीन आला नाही. ती आली तशी पाचही पोरं तिच्या अंगावर पडली. तिच्या पिशवीतला खाऊ कुणी किती घ्यायचा यावरनं सोप्यात जी मारामारी झाली ती शेवटच्या घरापर्यंत ऐकू गेली. गल्लीच्या टोकाला राहणारा एक म्हातारा काठी टेकत आला आणि दारातनं म्हणाला, "बाई, जरा आवरा की ह्यास्नी. काय हा गोंधळ."

मेहमुदा भाकरी थापत होती. तिनं हात थांबवला नाही.

"पाच हाईत, चाचा," ती म्हणाली. "आवाज व्हनारच."