उसने आवाज

"आता कोणाच्या आवाजात वाचताय?" बायकोने विचारले.

मटारची परात मांडीवरून बाजूला ठेवून मी मोबाइल नाकासमोर धरला होता आणि ओठ हलवत होतो. ओठ हलवल्याशिवाय मला वाचता येत नाही. मी अक्षरे शिकलो उतारवयात, आणि तीही आवाज गेल्यावर. त्यामुळे कोणाचाही निरोप आला की तो आधी डोक्यात कोणीतरी बोलावा लागतो, मगच कळतो.

मी पाटी ओढून लिहिले, 'बेकरीवाला. म्हणजे जाड्या ड्रायव्हर.'

"अगंबाई, त्याचा आवाज आजारी माणसाला दिलात? काचा फुटायच्या त्याच्या शिंकेनं!"

हे जरा सांगायला हवे. उभी हयात मी व्हॅनच्या स्टँडवर ओरडण्यात घालवली. "चला पूल, दवाखाना, बाजार! एकच सीट, एकच सीट!" गाडी पूर्ण रिकामी असली तरी माझी एकच सीट शिल्लक असायची. माझी हाक पलीकडच्या चौकात ऐकू जायची आणि तिथून माणसे पळत यायची. मग घसा बसला, तो बसलाच. डॉक्टरांनी आतली आवाजाची पेटी काढून टाकली आणि श्वास घ्यायला गळ्यावर भोक ठेवले. जीव वाचला. त्यानंतर सूनबाईने औषधांच्या खोक्यांवरून आणि साबणाच्या कागदांवरून मला अक्षरे शिकवली. जेमतेम जोडाक्षरे जमू लागली, तशी तिने मला मोबाइलवरच्या एका ग्रुपात घातले. त्यात सगळे माझ्यासारखेच, गळ्यावर रुमाल बांधणारे. जवळजवळ कोणीच कोणाला पाहिलेले नव्हते. फोटोच्या जागी कोणाचे फूल, कोणाचे मांजर. माझी व्हॅन.

वाचायला आवाज तर हवा. मग मी स्टँडवरचे जुने आवाज एकेकाला उसने दिले. शिंपीणबाई सगळ्यांना गळ्यावरचे दुहेरी रुमाल शिवून पाठवतात, त्यांना स्टँडवरच्या चहावालीचा किनरा आवाज दिला. बेकरीवाल्याचे ऑपरेशन अजून व्हायचे होते, पण तो सगळ्यांना 'शेठ' म्हणायचा, डॉक्टरांना शिव्या घालायचा, दुखण्याची टर उडवायचा. त्याला जाड्या ड्रायव्हरच शोभत होता. एकदा आवाज दिला की माणूसही मागोमाग येतो. बेकरीवाल्याला मी कधी पाहिले नव्हते, तरी त्याची मिशी, पोट आणि कोपरापर्यंत पिठाने माखलेले दांडगे हात मला समोर दिसत.

त्या दिवशीचा निरोप मात्र वेगळा होता.

'बुधवारी ऑपरेशन. डॉक्टर म्हणतात, आता थांबलात तर गेलात. पण मन होत नाही. त्या यंत्रातून माणूस कसा बोलतो ते कोणी ऐकवेल का? ऐकल्याशिवाय मी सही करणार नाही.'

ग्रुपात एरवी सकाळच्या नमस्कारालाही रांग लागते. त्या निरोपाखाली कोणी काही लिहीना. आमच्या ग्रुपात माइकचे चित्र कोणी दाबत नाही. ते दाबू नका असे कोणी सांगितलेले नाही, पण दाबत नाही. बऱ्याच वेळाने शिंपीणबाईंनी लिहिले, 'स्टँडवाले, तुम्ही ऐकवा. तुमचा आवाज तर मला रोज ऐकू येतो.'

बाईंनी माझा आवाज जन्मात ऐकला नव्हता.

तेच तर होते. त्या ग्रुपात मी अजून ओरडत होतो. 'चला चला, रुमाल बदलला का सगळ्यांनी?' असे मी लिहिले की माणसे हसायची, आणि त्यांच्या डोक्यात काहीतरी खणखणीत वाजत असणार याची मला खात्री होती. जगात माझा आवाज तेवढ्या एकाच जागी शिल्लक होता.

यंत्र माझ्याकडे होते. दाढी करायच्या मशीनएवढे. गळ्याला टेकवून बटण दाबायचे आणि ओठ हलवायचे, की डब्यात भुंगा कोंडावा तसे शब्द बाहेर येतात. ते घेऊन मी एकदाच स्टँडवर गेलो होतो. "चला," म्हणालो. एक ड्रायव्हर म्हणाला, "अरे, मिक्सर बोलायला लागला!" सगळे हसले. वाईट मनाने नाही. मीही हसलो. आम्ही हसतो तेव्हा आवाज होत नाही, नुसता गळ्यावरचा रुमाल फडफडतो. घरी येऊन यंत्र कपाटात स्वेटरांच्या मागे टाकले.

बायकोने निरोप वाचला आणि उठून कपाट उघडले. यंत्र आणून मटारच्या परातीत ठेवले.

"अहो, न बोलणारा नवरा मिळावा असं किती जणींना वाटतं. मला मिळाला. मला नाही आवडला."

मी पाटीकडे हात नेला. तिने पाटी मागे लपवली.

"तिकडं तो माणूस मरेल आणि तुम्ही इथं मटार सोलत बसा. जाताय का मी जाऊ?"

माइक दाबायचा मला धीर झाला नाही. पण एका माणसासमोर बोलता येईल असे वाटले. त्याचे दुकान पाण्याच्या जुन्या टाकीमागे आहे हे त्याने कधीतरी लिहिले होते.

गल्ली अरुंद होती. एका बाजूची भिंत हाताला गरम लागत होती, त्यावरून दुकान ओळखले. काउंटरवर बिस्किटांच्या बरण्या, मागे रिकाम्या ट्रेंची चळत. काउंटरजवळ स्टुलावर एक काटकुळा माणूस मफलर गुंडाळून बसला होता. कागदावर कागद घासावा तशा आवाजात तो म्हणाला, "पाव संपले. उद्या या."

मी त्याला हातानेच 'असू दे' म्हटले, कारण आत मला बेकरीवाला दिसला होता. तीच मिशी, तेच पोट. पिठाच्या पोत्यांपाशी उभा, कोपरापर्यंत पांढरा. डोक्यातला माणूस असा हुबेहूब समोर उभा राहिल्यावर मला अवसान चढले. सरळ आत गेलो, यंत्र गळ्याला लावले आणि बटण दाबले.

"मी स्टँडवाला. ग्रुपातला. ऐकायचा होता ना? हा असा आवाज असतो. मला लाज वाटते म्हणून मी कपाटात ठेवला होता. पण मी जिवंत आहे, शेठ. मटार सोलतो, बायकोच्या शिव्या खातो. सही करा."

तो पहिलवान मागे सरकत सरकत पोत्यांवर जाऊन बसला.

"मालक!" तो ओरडला. "हे काय म्हणतायत बघा हो! मी कशावर सही करू?"

माझ्या पाठीमागे सूं सूं असा आवाज आला. वळून पाहिले तर स्टुलावरचा काटकुळा माणूस पोट धरून हसत होता. हसता हसता त्याला ठसका लागला. डोळे पुसत तो म्हणाला, "तो पोती उतरवायला आलाय, स्टँडवाले. बेकरीवाला मी."

"तुम्ही?"

"मी. आणि हे तुम्ही? मला वाटलं चांगले दारात न मावणारे असाल. डोक्यावर टोपी, गळ्यात शिट्टी. टोपी कुठाय?"

"टोपी कधीच नव्हती."

"घ्या! मी इतके महिने टोपीवाल्याशी बोलतोय."

हमालाला त्याने चहाला पाठवले. मला पालथ्या डब्यावर बसवले. थोडा वेळ माझ्या हातातल्या यंत्राकडे बघत राहिला.

"भिकार आहे हो आवाज."

"भिकारच आहे."

"सगळ्यांचा असाच?"

"यंत्र लावलं की असाच. शिंपीणबाईंचा पण."

"म्हणजे तुम्ही आणि बाई एकाच आवाजात?"

"भांडलो तर कोण काय म्हणालं कळायचं नाही."

तो पुन्हा सूं सूं हसला. मग रस्त्याकडे बघत म्हणाला, "आवाजाचं मी उगाच लिहिलं. आवाज काय, गेलाच आहे निम्मा."

"मग?"

"वास." त्याने मफलर नाकावर ओढला. "डॉक्टर म्हणाले, श्वास गळ्यातनं जाणार. नाकाला काम राहणार नाही. मी पाव घड्याळ बघून नाही काढत हो. नाकानं काढतो. माझ्या बापानं तसंच शिकवलं. ग्रुपात कसं विचारू? तिथं सगळे मला वाघ समजतात. वाघ कधी पावाच्या वासासाठी रडतो का?"

आणि तो रडायला लागला. मफलरमध्ये तोंड खुपसून, खांदे हलवत.

रिकाम्या गाडीपुढे उभा राहून एकच सीट म्हणणारा मी, पण त्याच्याशी खोटे बोलवेना.

"येत नाही वास," मी म्हणालो. "आपोआप नाही येत. ओढून थोडा आणता येतो. शिंपीणबाईंनी शिकवलंय. साहेबासमोर जांभई कशी लपवतो आपण? ओठ मिटून, जबडा खाली सोडून. तसं करत राहायचं. नाकातनं थोडी हवा आत येते."

"दाखवा."

मी यंत्र मांडीवर ठेवले आणि जांभया लपवू लागलो. एक, मग दुसरी. तो मफलरच्या वरून लाल डोळ्यांनी माझ्याकडे बघत होता. काही येईना. एवढ्या लांब येऊन याच्यासमोर फजिती होणार असे वाटले. पुन्हा जबडा सोडला. काहीतरी आले. अगदी लांबून, पण आले. मी घाईने यंत्र उचलले.

"आलं?"

"जळतंय," मी म्हणालो.

"काय?"

"काहीतरी जळतंय!"

त्याने मफलर खाली ओढला, रडून चोंदलेले नाक वर केले आणि ताडकन उठला. "बिस्किटं!"

भट्टीतून ट्रे बाहेर आला तेव्हा बिस्किटांच्या कडा काळ्या झाल्या होत्या, मधला भाग शाबूत होता. तो ट्रे हातात धरून उभा राहिला. एकदा बिस्किटांकडे बघे, एकदा माझ्याकडे.

"भोक गळ्याला तुमच्या," तो म्हणाला, "आणि करपल्याचा वास तुम्हाला आला!"

माझा रुमाल फडफडत होता. त्याचे सूं सूं चालू होते. चहा पिऊन परत आलेला हमाल दारातच थांबला.

निघताना त्याने करपलेल्या बिस्किटांची पुडी माझ्या हातात कोंबली. "बुधवारी जातो," म्हणाला. "तुम्ही याल?"

बुधवारी मी हॉस्पिटलच्या फाटकाशी उभा होतो. तो आला, बरोबर त्याची बायको आणि भाऊ. मला पाहून थांबला आणि त्या घासल्या आवाजात म्हणाला, "स्टँडवाले, ओरडा की एकदा."

आजूबाजूला माणसे होती. मी यंत्र गळ्याला लावले. "चला, चला! एकच सीट! एकच सीट!"

वॉचमनने मान वळवली. एक लहान मूल आईच्या मागे लपले आणि पुन्हा डोकावले. बेकरीवाला हसत हसत आत गेला.

त्यानंतर बरेच दिवस काही कळले नाही. भावाचा फोन लागत नव्हता. मी मोबाइल खाली ठेवीना, आणि बायको काही बोलेना. तिचे न बोलणे म्हणजे कठीणच.

मग एका सकाळी भाजी निवडताना ग्रुपात निरोप आला. 'पाव संपले. उद्या या.'

क्षणात रांग लागली. 'वाघ परत आला!' 'ही डरकाळी ऐकायलाच बसलो होतो!' शिंपीणबाईंनी लिहिले, 'काय दणदणीत आवाज आहे हो तुमचा! पत्ता पाठवा, पीठ आत जाऊ नये म्हणून जाड रुमाल शिवते.'

मी निरोप पुन्हा वाचला. ओठ हलले. जाड्या ड्रायव्हर आलाच नाही. कागदावर कागद घासावा तसा तो आवाज स्टुलावरून आला. तो आवाज आता घशात नव्हता, कुठेच नव्हता. त्याच्या घरच्यांकडे असेल, आणि माझ्याकडे.

"आला का निरोप?" बायकोने विचारले. माझा चेहरा बघून तिने मोठा श्वास सोडला. "आला तर! मग? कोणाच्या आवाजात वाचताय?"

मी पाटी उचलली, पुन्हा खाली ठेवली आणि यंत्र घेतले.

"त्याच्याच," मी म्हणालो.