खोक्याचा तळ

सौदीत, बत्हातल्या त्या इमारतीत कुणी गावी निघालं, की खोक्यावर नाव घालून घ्यायला गुणाजीकडे यायचं. त्याचं अक्षर टपोरं. विमानतळावरच्या पट्ट्यावर खोकं लांबून ओळखू यायचं. चारी बाजूंना आणि वर नाव, गाव, तालुका, जिल्हा. तळ कोरा. तळ कोण बघतो?

या शुक्रवारी खोकं कादिरचं होतं.

कादिर श्रीवर्धनचा, भांड्यांच्या दुकानात सेल्समन. नव्या हिजरी वर्षापासून अशा दुकानांतून बहुतेक सौदी माणसंच ठेवायची, असा हुकूम निघाला होता. कफील, म्हणजे त्याला ठेवून घेणारा सौदी मालक, म्हणाला, "खलास, कादिर." बुधवारचं विमान होतं. गुणाजी वायरमन, त्याच्या कंपनीनं त्याचा इकामा, राहायचा परवाना, नुकताच वाढवून घेतला होता. एकोणीस वर्षं दोघं एका खोलीत राहिले होते. पहिली दोन-तीन रूम पार्टनर म्हणून. पुढची काय म्हणून, ते सांगायची वेळ आली नाही, कारण कुणी विचारलंच नाही.

माणगावला स्टेशनजवळ गुणाजीनं एक छोटा ब्लॉक घेऊन ठेवला होता. भावाला सांगितलं होतं, भाड्यानं देईन. पण भाडेकरू कधी ठेवला नाही. कादिरनं तिथं जाऊन राहावं, मागून आपणही जावं. एवढंच विचारायचं होतं. कित्येक महिने ते वाक्य त्याच्या तोंडापर्यंत येऊन परत जात होतं.

दुपारी जाफरच्या खाणावळीत जेवताना कालची बातमी निघाली.

"ऐकलंव काय, गुणाजी?" जाफर भात वाढता वाढता म्हणाला. "दिल्लीच्या कोर्टानं मोकळीक दिली. बाप्या बाप्यासंगं राहिला तरी आता पोलीस धरणार नाय."

"म्हणजे लगीन पण लागणार?" पलीकडून कुणी तरी ओरडलं.

"लगीन नाय रे. नुसतं राह्यचं."

"नुसतं राह्यला कोर्ट कशाला?" कादिर म्हणाला. "आमी दोघं एकोणीस वर्षं राहतोय. कोणी विचारलान काय?"

सगळी खाणावळ खो खो हसली. जाफरनं तर डाव खाली ठेवला. कादिरही हसला, सगळ्यांहून मोठ्यानं. गुणाजी ताटातला मासा निवडत राहिला. त्यात काटे उरले नव्हते.

खोलीवर आल्यावर कादिरनं कपडे, खजूर, साबिराच्या नातवंडांची खेळणी खोक्यात भरली. साबिरा त्याची बहीण. तिनं माडीवरची खोली त्याच्यासाठी झाडून ठेवली होती. चिकटपट्टी लावून झाली, तसा तो म्हणाला, "घाल नाव."

गुणाजीनं मार्करचं टोपण काढलं, पुन्हा लावलं.

"पत्ता माणगावचा घालू का?"

 कादिर पलंगावर बसला.

"ती बातमी ऐकलीस म्हणून विचारतोस?"

"आधीपासून विचारायचं होतं."

"कोर्ट दिल्लीत आहे, गुणा. माणगावच्या जिन्यात शेजारीण आहे. ती पहिल्या दिवशी विचारील, हे तुमचे कोण?"

"सांगू, रूम पार्टनर."

"साठीला टेकलेले दोन बाप्ये, एक हिंदू, एक मुसलमान, आणि स्वतःच्या घरात रूम पार्टनर?" कादिर जरासा हसला. "इथं भाडं परवडत नाही म्हटलं की झालं. तिथं काय म्हणायचं?"

 गुणाजीला उत्तरं नेहमी दुसऱ्या दिवशी सुचायची.

"आणि मला आमच्या मशिदीत चार माणसांत उभं राह्यचंय," कादिर हळू आवाजात म्हणाला. "लहानपणी जिथं उभा राह्यचो, तिथंच. तेही माझंच आहे ना रे?"

"आहे की."

"मग श्रीवर्धनचा घाल."

अस्रची, तिसऱ्या प्रहरच्या नमाजाची अजान झाली, तसा कादिर हातपाय धुऊन, वजू करून खाली मशिदीत गेला. गुणाजीनं पाची बाजूंना श्रीवर्धनचा पत्ता घातला. मग खोकं उलटं केलं आणि तळावर लिहिलं: कादिर, आणि खाली माणगावच्या ब्लॉकचा पत्ता. लिहून झाल्यावर त्याला स्वतःचीच लाज वाटली. मार्करची शाई पुसली जाणारी नव्हती. त्यानं खोकं घाईघाईनं सरळ केलं आणि दोरी आवळली.

बुधवारी कादिर गेला.

गुरुवारी गणेशचतुर्थी होती. गणपतीचं चित्र कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेलं, कारण इथं मूर्तिपूजेला बंदी. दरवर्षी कादिर गुळखोबरं आणायचा आणि दाराशी स्टुलावर बसून बाहेरची चाहूल घ्यायचा. पावलं वाजली की खाकरायचा. गुणाजी आरती तिथंच थांबवायचा.

ड्युटीवरून येऊन त्यानं कपाट उघडलं, तेवढ्यात फोन वाजला.

"झाली आरती?" मागं पोरांचा गलका होता.

"आता करतोय."

"दाराशी कोण आहे?"

"कोण असणार?"



"साबिरा म्हणत होती, खोकं रद्दीला दे," कादिर म्हणाला. "म्हटलं, राहू दे. पलंगाजवळ ठेवलंय. उलटं. तळ वर करून."

 "मग?" गुणाजीनं विचारलं.

"मग काय. बघतो त्याच्याकडे." कादिरचा आवाज आणखी खाली आला. "त्याहून जास्त माझ्यानं होणार नाही, गुणा. फोन तिथं दाराशी ठेव. तू म्हण, मी ऐकतो."

गुणाजीनं फोन स्टुलावर ठेवला. कपाटासमोर उभा राहून, टाळी न वाजवता, ओठांतल्या ओठांत आरती म्हणू लागला. तिसऱ्या कडव्यावर त्यानं वळून पाहिलं. फोन कट झाला होता, पडदा काळा. कुठल्या ओळीला, ते कळायला मार्ग नव्हता. पोरांनी हाक मारली असेल. जेवायला बोलावलं असेल.

तो पुन्हा कपाटाकडे वळला. बाहेर पावलं वाजली. कुणी खाकरलं नाही. गुणाजी आपणच थांबला, आणि पावलं जिना उतरून गेल्यावरही तसाच उभा राहिला.